सा सरकतो, मग हात का सरकू नये?

गिटार कशी शिकवावी याबद्दल आपल्याकडे एक मत इतके रुळले आहे, की ते मत आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. नवशिक्याने पहिले वर्षभर ओपन कॉर्ड्सच वाजवाव्यात. सी, ए, जी, ई, डी आणि त्यांच्याबरोबरच्या दोन-तीन मायनर कॉर्ड्स पक्क्या कराव्यात. गाणाऱ्याची पट्टी जुळली नाही तर मानेवर आवळून सगळ्या तारा दाबणारा कॅपो लावावा. आणि फ्रेटबोर्डवर वरखाली सरकवता येणारे कॉर्डचे आकार पुढे कधीतरी, हात तयार झाल्यावर पाहावेत. या क्रमाच्या बाजूने दिली जाणारी कारणे पोकळ नाहीत. एक बोट तारांवर आडवे टाकून धरायची बार कॉर्ड कोवळ्या हाताला झेपत नाही. पहिल्या महिन्यातच गाणे वाजवता आले तर मूल टिकते. मोकळ्या तारांचा नाद भरदार असतो आणि सरकवलेल्या आकारात तो हरवतो. शिवाय आकार घोकून हात चालतो, कान चालत नाही. या प्रत्येक कारणात थोडे तथ्य आहे, आणि तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सरकते आकार ही गिटारची पुढची इयत्ता नाही, तो या वाद्याचा पाया आहे. त्यातही ज्या विद्यार्थ्याचा कान सरगमवर घडला आहे त्याला तो पहिल्या महिन्यापासून न देणे म्हणजे त्याच्याकडे आधीच असलेले ज्ञान बाजूला सारून त्याला कोऱ्या पाटीवर बसवणे होय.

ओपन कॉर्ड हा सरकत्या आकाराहून वेगळा प्रकार आहे, या समजुतीपासूनच सुरुवात करू. गिटारच्या मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला नट म्हणतात. ई मेजरच्या ओपन कॉर्डमध्ये तीन बोटे काम करतात आणि उरलेल्या तीन तारा नट धरतो. तोच आकार एक फ्रेट पुढे सरकवून नटाचे काम तर्जनीला दिले की एफ मेजर होते. पाचव्या फ्रेटवर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी. आकार एकच असतो, मागून तारा कोण दाबतो एवढेच बदलते. कॅपो हीच तर्जनी यंत्रात बसवून देतो. म्हणजे कॅपो लावून वाजवणारा विद्यार्थी सरकते आकारच वाजवत असतो, फक्त ते त्याला कोणी सांगितलेले नसते. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून तो जी मेजरचा आकार धरतो, त्याला ‘जी’च म्हणतो, आणि बाहेर मात्र पेटीवरच्या काळी पाचची कॉर्ड ऐकू येते. जे रोज हाताने घडते आहे त्याचे नाव विद्यार्थ्याला वर्षभर कळू द्यायचे नाही, याला सोपे शिक्षण म्हणणे अवघड आहे.

सरगम शिकलेल्या माणसाला ही गोष्ट नवी वाटायचे कारणच नाही. आपल्याकडे सा ही ठरावीक उंची नसते. गळ्याला झेपेल तिथे सा धरायचा आणि बाकीचे स्वर त्याच्या अंतराने बसवायचे. विष्णू नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ मराठीत लिहिली आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. त्या स्वरलिपीत एकाही बंदिशीला पट्टी नेमून दिलेली नाही. पांढरी एकमध्ये गाणारा आणि काळी पाचमध्ये गाणारी एकाच पानावरून तीच बंदिश गातात, आणि दोघांनाही काही बदलून लिहावे लागत नाही. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून आजच्या मध्य प्रदेशातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या हाच सरकता सा घेऊन वाढल्या. भोपाळच्या ध्रुपद केंद्रात उस्ताद झिया फरिदुद्दीन डागर यांनी शिकवले, तिथेही पहिली साधना सा लावण्याचीच, आणि तो सा ज्याच्या-त्याच्या गळ्याचा. या पार्श्वभूमीच्या मुलाच्या हाती गिटार आली की मात्र त्याला सांगितले जाते, ‘हा सी, हा जी, हा डी, बोटे इथे ठेव.’ सी हा कोणाचा सा आहे आणि जी त्याचा कोण लागतो, हे विचारलेही जात नाही.

गंमत अशी की या सरकत्या सा ला हार्मोनियमपेक्षा गिटार जास्त मानवते. हार्मोनियमवर सा, ग, प ही मेजर कॉर्ड बारा पट्ट्यांत वाजवून पाहिली तर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे सहा वेगवेगळे नकाशे मिळतात. पांढरी एक, चार आणि पाचला तिन्ही स्वर पांढऱ्यांत येतात. पांढरी दोन, तीन आणि सहाला मधला स्वर काळीवर जातो. काळी एक, दोन आणि चारला उलट घडते, दोन काळ्यांमध्ये एक पांढरी. काळी तीनला तिन्ही काळ्या. काळी पाच आणि पांढरी सात यांचा प्रत्येकी निराळा नकाशा. साथ करणाऱ्या पेटीवाल्याची अर्धी मेहनत या नकाशांवर हुकूमत मिळवण्यात जाते, आणि ती टाळता यावी म्हणूनच स्केल चेंजर पेट्या आल्या. गिटारच्या मानेवर काळेपांढरे काही नाही. सगळे फ्रेट सारखे, म्हणून एक आकार बाराही पट्ट्यांत तोच राहतो. सा सरकला की हात सरकतो, एवढेच. जे वाद्य आपल्या संगीताच्या मूळ कल्पनेला इतके अनुकूल आहे, ते आपण त्याच्या सर्वांत कमी सरकणाऱ्या भागापासून, पहिल्या तीन फ्रेटांपासून शिकवतो आणि तिथेच थांबतो.

असे का झाले हेही समजण्यासारखे आहे. गिटार आपल्याकडे सरगमबरोबर आली नाही, ती पाश्चात्त्य स्वराक्षरांबरोबर आली. गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांनी संगीतलेखन वाचणाऱ्या वादकांची परंपरा घडवली. त्या परंपरेतले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संगीतकार मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदाची भाषा बनले. ती भाषा ठरावीक उंचीची. कागदावर लिहिलेला स्वर म्हणजे तोच स्वर. वाद्यवृंदात पन्नास माणसे एकत्र वाजवायची असतील तर ते योग्यच आहे. पण घरच्या मैफलीत, गणेशोत्सवाच्या मंचावर किंवा भजनाच्या बैठकीत गिटारवाला एकटा असतो आणि पट्टी गाणारा ठरवतो. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये हीच अडचण आली होती. तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाच्या सोयीने पट्टी ऐनवेळी बदलायची, म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘जॉर्डनेअर्स’ या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी कॉर्ड्सना अक्षरांऐवजी आकडे दिले: एक, चार, पाच. पुढे चार्ली मॅकॉय यांच्यामुळे ती पद्धत वादकांत पसरली. सा ला एक म्हणायचे, म ला चार, प ला पाच. आपल्या सरगमचेच हे अमेरिकन रूप. म्हणजे जिथे रोज पट्टी बदलावी लागली तिथे व्यावसायिक वादकांनी स्वतःहून सरकती भाषा शोधून काढली. आपल्याकडे ती शतकभर शाळेत शिकवली जाते, आणि गिटारच्या वर्गात मात्र दाराबाहेर ठेवली जाते.

आता आक्षेपांकडे येऊ. सर्वांत वजनदार आक्षेप हाताचा आहे. भोपाळच्या उत्तर टोकाला, धान्यमंडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या करोंदसारख्या भागात राहणाऱ्या मुलाच्या हाती बहुधा स्वस्तातली गिटार असणार. तिच्या तारा मानेपासून उंच, नटाच्या खाचा पुरेशा खोल नाहीत, आणि शिकवायला आठवड्यातून एखादा तास मिळणारे शिक्षक किंवा फोनवरचे व्हिडिओ. अशा मुलाला पहिल्याच महिन्यात एफची बार कॉर्ड धरायला लावली तर तो गिटार खुंटीला टांगेल, हे खरे आहे. पण यातून एवढेच सिद्ध होते की एफपासून सुरुवात करू नये. बार कॉर्डची ओळख पहिल्या फ्रेटवर करून देण्याची प्रथा ही ओपन कॉर्डच्या क्रमाचीच देणगी आहे. सी, जी, ए मायनर झाल्यावर त्या गटातली उरलेली कॉर्ड एफ, म्हणून ती पुढे येते. वाद्याच्या मोजमापाने पाहिले तर आकार शिकायला याहून वाईट जागा नाही. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट नटापासून सुमारे ३६.५ मिलिमीटरवर असतो, आणि ई-आकाराला लागणारे पहिले तीन फ्रेट मिळून १०३ मिलिमीटर जागा व्यापतात. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरला तर तीन फ्रेटांची जागा ८२ मिलिमीटर भरते. शिवाय नटाजवळ तार दाबायला जो जास्तीचा जोर लागतो तो इथे लागत नाही. सरकत्या आकाराचा विचार करणारा शिक्षक बार पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर शिकवील आणि हात बसल्यावर हळूहळू खाली आणील. मान वाकलेली असेल आणि तारा वर फारच उंच असतील तर आधी गिटार दुरुस्तीला द्यावी लागेल. पण तसल्या गिटारवर ओपन कॉर्डही धड वाजत नाहीत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सरकता आकार आणि बार कॉर्ड या एकच गोष्टी नाहीत. सहाही तारा दाबल्या तरच कॉर्ड, असा नियम कोणी केलेला नाही. खालच्या दोन जाड तारांवर सा आणि प एवढेच धरले तरी तो सरकता आकार आहे, आणि त्याला दोन बोटे पुरतात. वरच्या तीन बारीक तारांवर सा, ग, प धरायला तीन बोटे लागतात, बार लागत नाही. काउंट बेसींच्या जॅझ वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ पर्यंत ताल सांभाळणारे फ्रेडी ग्रीन मोठमोठ्या सहा-तारी कॉर्ड्ससाठी ओळखले जात नाहीत. दोन-तीन स्वरांचे छोटे आकार मानेवर सतत सरकवत राहणे हीच त्यांची साथ होती. गिटारवादक जँगो रेनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत निकामी झाल्यासारखीच होती, आणि तरी उरलेल्या बोटांनी छोटे आकार सरकवत त्यांनी युरोपच्या जॅझला नवे वळण दिले. अपंग हाताने जे साधले ते कोवळ्या हाताला पहिल्या महिन्यात थोडेफार साधू नये, असे म्हणायला आधार नाही. उलट ओपन सी किंवा ओपन जीमध्ये बोटे जितकी ताणावी लागतात, तितकी या तीन-तारी आकारांत लागत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे: आकार घोकणे म्हणजे संगीत शिकणे नव्हे. हे मान्यच आहे. पण ओपन कॉर्ड हाही घोकलेला आकारच असतो, आणि तो घोकण्याला पर्यायही ठेवत नाही, कारण नटाच्या आडोशाला कोणता स्वर कुठे आहे हे दिसत नाही. सरकत्या आकारांत दिसते, मात्र बघायला शिकवावे लागते. सी, ए, जी, ई, डी या पाच ओपन आकारांना सरकवून संपूर्ण मान व्यापणाऱ्या पद्धतीला त्या अक्षरांवरून केज्ड म्हणतात. तिच्यावर टीका होते की पाच चौकटी पाठ करून मुले त्यांतच अडकतात. आता तेच पाच आकार जाड तारेकडून बारीक तारेकडे स्वरांनी वाचून पाहा. ई-आकारात येते सा प सा ग प सा. ए-आकारात सा प सा ग प. डी-आकारात सा प सा ग. तिन्हींचा क्रम एकच, फक्त सुरुवातीची तार अनुक्रमे सहावी, पाचवी, चौथी. जी-आकारात सा ग प सा ग, आणि शेवटी वरचा सा. सी-आकारात सा ग प सा ग. म्हणजे पाच आकारांत स्वरांचे क्रम दोनच निघाले. मग ते डोळ्यांना पाच का दिसतात? तिसरी आणि दुसरी तार यांतले अंतर इतर तारांपेक्षा अर्ध्या स्वराने कमी आहे म्हणून. बाकी प्रत्येक जोडीत सा आणि म इतके अंतर असते, या एका जोडीत सा आणि ग इतके. आकार त्या जोडीला ओलांडतो तिथे एक बोट एक फ्रेट पुढे जाते आणि रूप बदलते. घोकंपट्टीवाल्याला पाच गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. सा, ग, प ओळखणाऱ्याला दोन क्रम आणि एक अपवाद.

यातूनच पुढची पायरी आपोआप येते. ग कोणत्या तारेवर आहे हे ठाऊक असले की मेजरची मायनर करायला नवीन आकार लागत नाही. ई-आकारात ग तिसऱ्या तारेवर, ए-आकारात दुसऱ्या तारेवर, डी-आकारात पहिल्या तारेवर. तो एक फ्रेट मागे घेतला, म्हणजे कोमल केला, की झाले. वरच्या तीन तारांवर सी मेजर तीन जागी मिळते. तिसरी आणि दुसरी तार पाचव्या फ्रेटवर व पहिली तिसऱ्यावर धरली की सा ग प. तिसरी तार नवव्यावर व उरलेल्या दोन आठव्यावर धरल्या की ग प सां. तिसरी बाराव्यावर, दुसरी तेराव्यावर व पहिली बाराव्यावर धरली की प सां गं. गाणाऱ्याचा स्वर ग वर थांबला असेल तर वर ग असलेला आकार निवडायचा, प वर असेल तर प असलेला. ही निवड कानाची आहे, आणि ती करायला हाताला आधी जागा माहीत असाव्या लागतात. आकार कानाला मारतो असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे: एकाच कॉर्डचा एकच आकार येणाऱ्यापुढे कान वापरण्याचा प्रसंगच उभा राहत नाही.

तिसरा आक्षेप कॅपोच्या बाजूने येतो, आणि त्याच्यामागे मोठी साक्ष आहे. स्पेनचे फ्लामेंको वादक गायकाच्या पट्टीसाठी सर्रास कॅपो लावतात आणि मुख्यतः दोन जागांवरून वाजवतात: एक ई ला सा मानून, दुसरी ए ला. जगातल्या उत्तमोत्तम गिटारवादकांचे ज्यात समाधान झाले त्यात आपल्याला काय कमी, हा प्रश्न योग्य आहे. मोकळ्या तारांचा नाद हे मूल्य आहे आणि त्यासाठी कॅपो लावणे हा कमीपणा नाही, हे मी मान्य करतो. पण फ्लामेंकोवाला कॅपोच्या वरची सगळी मान वापरतो. ई-आकार वर सरकवून बारीक तारा मोकळ्या वाजू देणे हा त्याच्या रोजच्या बोलीचा भाग आहे. कॅपो त्याला नादासाठी हवा असतो. आपल्या नवशिक्याला तो अज्ञान झाकण्यासाठी हवा असतो, आणि तिथे कॅपो फार लवकर थकतो. भैरवीचेच उदाहरण घ्या. मैफलीची सांगता बहुधा तिनेच होते, त्यामुळे साथीदाराला ती टाळता येत नाही. तिच्यासाठी सा वर मायनर, कोमल रे वर मेजर, म वर मायनर, कोमल ध वर मेजर अशा कॉर्ड्स लागतात. ओपन आकारांत हे जवळजवळ पूर्ण मिळते ते ई ला सा मानल्यावर. गाणाऱ्याने काळी एक सांगितली तर कॅपो नवव्या फ्रेटवर जातो. बऱ्याच अकूस्टिक गिटारींची मान चौदाव्या फ्रेटवर खोडात शिरते, म्हणजे वाजवायला उरते जेमतेम पाच फ्रेटांची जागा आणि नाद होतो मेंडोलिनसारखा. बी ला सा मानून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला तर सा ची मायनर कॉर्डच बार मागते. ए ला सा मानून चौथ्यावर लावला तर कोमल रे ची कॉर्ड बार मागते. सरकते आकार टाळायला निघालेला माणूस तिन्ही वाटांनी त्यांच्याच दाराशी येतो, फक्त ऐन मैफलीत आणि तयारीशिवाय. गाणाऱ्याने मध्येच पट्टी अर्ध्या स्वराने चढवली तर कॅपो हलवायला साथ थांबवावी लागते, ते वेगळेच.

चौथा आक्षेप जाणकारांचा आहे. वर सांगितलेल्या त्या एका वेगळ्या जोडीमुळे आकार मानेवर लांबीच्या दिशेने निर्धोक सरकतो, पण एका तारेवरून दुसऱ्या तारेवर आडवा सरकत नाही. मग ही पद्धत अर्धवटच नव्हे काय? स्टॅन्ली जॉर्डन यांच्यासारखे वादक म्हणूनच सगळ्या तारा सा-म अंतराने लावतात आणि अपवाद काढून टाकतात. सुरावटीच्या दृष्टीने ती रचना अधिक नीटस आहे यात शंका नाही. पण साथीच्या दृष्टीने तिची किंमत मोजावी लागते. नेहमीच्या लावणीत पहिली आणि सहावी तार दोन सप्तकांच्या अंतराने एकच स्वर देतात, म्हणूनच एक तर्जनी सहा तारांवर आडवी ठेवून पूर्ण कॉर्ड मिळते. सगळी अंतरे सारखी केली की जाड तार ई देते आणि बारीक तार एफ. ई-आकाराची सहा-तारी कॉर्ड मग शक्यच राहत नाही. तो एक अपवाद ही या वाद्याची खोड नाही; संपूर्ण कॉर्ड एका हातात बसावी म्हणून केलेली ती तडजोड आहे. ती तडजोड कुठे आहे हे विद्यार्थ्याला दाखवणे हाच तिच्यावरचा उपाय.

शेवटचा आक्षेप रागसंगीताच्या बाजूने येतो: कॉर्ड ही आपली वस्तूच नाही, फ्रेटांचे समान स्वर श्रुतींशी जुळत नाहीत, तेव्हा सरगम आणि गिटारचे आकार यांची सांगड कृत्रिम आहे. सतारीवर पडदे सरकतात आणि सा जागेवर राहतो. गिटारवर पडदे पक्के आणि सा सरकतो. दोन वेगळ्या दुनिया कशाला मिसळायच्या? स्वरांच्या शुद्धतेपुरता आक्षेप बरोबर आहे. सेंट या स्वरांतराच्या एककात सा पासून मोजले तर गिटारचा शुद्ध ग ४०० सेंटवर येतो, तंबोऱ्याच्या नादात ऐकू येणारा ग सुमारे ३८६ सेंटवर; १४ सेंटचा फरक तयार कानाला बोचतो. पण हा फरक ओपन कॉर्डमध्येही तेवढाच असतो. एक फ्रेट सर्व तारांना एकदम छेदतो, त्यामुळे पडदे पक्के असलेल्या वाद्याला समान अंतरांकडे जावेच लागते. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेंझो गॅलिली यांनी १५८१ मध्येच ल्यूटचे फ्रेट १८ आणि १७ या प्रमाणाने बसवावेत असे लिहून ठेवले होते. त्या हिशोबाने बारा पायऱ्यांत तार जवळजवळ निम्मी होते. तेव्हा हा वाद सरकत्या आकारांशी नाही, गिटारशी आहे, आणि हार्मोनियमशीही. १९४० मध्ये आकाशवाणीने याच धर्तीच्या कारणांवरून हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती उठायला सुरुवात व्हायला १९७१ उजाडले. त्या काळातही नाट्यपदे, कीर्तने आणि घरोघरची भजने पेटीवरच चालली. ज्यांना तो फरक खुपतो त्यांनाही सरकता आकार उपयोगाचा आहे, कारण तो स्वर गाळू देतो. ग बोचत असेल तर सा-प धरा. मालकंसात प नाही, तर एकाच फ्रेटवर शेजारच्या दोन जाड तारा दाबून सा-म धरा आणि गाणाऱ्याच्या पट्टीला सरकवा. ओपन सी मेजर धरणाऱ्याला ही सूट मिळत नाही; त्याच्या पाच तारांपैकी दोनांवर ग येतो आणि एकीवर प, तो मालकंसाला कितीही नको असला तरी.

इतके मान्य केल्यावर ओपन कॉर्ड्सचे काय उरते? पुष्कळ उरते. त्यांचा भरदार नाद, त्यांच्यावरून पहिल्याच महिन्यात वाजणारे गाणे, मुलाचा टिकलेला उत्साह, हे सगळे खरे आहे आणि ते सोडायला कोणी सांगत नाही. वाद फक्त इतकाच, की त्यांना स्वयंपूर्ण अभ्यासक्रम मानू नये. पहिल्या आठवड्यात सहाव्या तारेवर सा आणि पाचव्या तारेवर प दोन बोटांनी धरून तो जोड मानेवर सरकवायला शिकवता येतो, आणि मुलाने काळी एक म्हटले की काळी एकला जायला लावता येते. त्याच वेळी ओपन ई आणि ए शिकवताना त्यांतला ग दाखवून तो कोमल करायला सांगता येते. पुढे वरच्या तीन तारांवरचे तीन आकार, मग पाचव्या फ्रेटवरचा बार, आणि शेवटी, हात बसल्यावर, पहिल्या फ्रेटवरचा एफ. यात वेगळे पुस्तक लागत नाही, महागडी गिटार लागत नाही, भोपाळच्या भारत भवनासारख्या कलाकेंद्राच्या आसपास राहावे लागत नाही. लागते ती शिक्षकाने अक्षरांबरोबर सा, ग, प म्हणण्याची सवय. जो शिक्षक ती सवय लावायला तयार नाही त्याने ‘बार कॉर्ड अवघड आहे’ हे कारण देऊ नये, कारण अवघड आहे तो एकच आकार आणि तोही एकाच जागी. विद्यार्थी गळ्याने ज्या सा ला कुठेही नेऊ शकतो त्याच सा ला हाताने नेण्याची परवानगी आपण त्याला का देत नाही, याचे उत्तर त्याने द्यावे.